ल आणि ळ यांच्यात एकच बिट

पहाटे ५.४०

एकशे बाराव्या पानावरची चौकट सरकवत होते आणि पडदा निळा झाला. मधोमध ते उदास चिन्ह, खाली टक्केवारी आणि तळाशी बारीक अक्षरांत कारण : मेमरी मॅनेजमेंट. कॉम्प्युटर स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होण्याआधी मी ते वहीत उतरवून घेतलं. वेळ, उघडे असलेले प्रोग्रॅम, हात कशावर होता, सगळं.

रविवारपासूनची ही पाचवी नोंद. वही समोर ठेवून वाचत गेले. रविवारी रात्री आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल. सोमवारी सकाळी पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, दुपारी मेमरी मॅनेजमेंट. मंगळवारी सिस्टिम सर्व्हिस एक्सेप्शन. आणि आज बुधवारी पुन्हा मेमरी मॅनेजमेंट. विंडोज कोसळताना मिनिडंप नावाच्या फोल्डरात एक छोटी फाइल ठेवून जातं. पहिल्या चार फाइली मी काल रात्री जुन्या लॅपटॉपवर नेऊन ब्लूस्क्रीनव्ह्यूमध्ये उघडून पाहिल्या होत्या. एकीत ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरवर बोट, दुसरीत डिस्क वाचणाऱ्या फाइलीवर, उरलेल्या दोन्हींत विंडोजच्या गाभ्यावर. एकच ड्रायव्हर बिघडलेला असता तर दर वेळी त्याचंच नाव आलं असतं. दर वेळी निराळा गुन्हेगार सापडतो तेव्हा ते सगळे बहुधा निरपराध असतात आणि दोष त्यांच्या पायाखालच्या जमिनीत असतो.

तरी इथवर यायला मला तीन दिवस लागले, कारण रविवारी मी दोन गोष्टी एकदम केल्या. रॅमच्या दोन नव्या स्टिक बसवल्या आणि त्याच संध्याकाळी ग्राफिक्सचा ड्रायव्हरही नवा घेतला. सोमवारी ड्रायव्हर मागे नेला, उपयोग झाला नाही. एका वेळी एकच बदल हे मला ठाऊक होतं. दिवाळी अंकाच्या घाईत पाळलं गेलं नाही.

सकाळी ६.३०

दूध आलं, चहा झाला. आज एकही पान लावायचं नाही, असं ठरवलं. अनंत चतुर्दशी होऊन आठवडा झालाय, दिवाळी अंकाची २४० पानं महिनाअखेर छपाईला जायची आहेत आणि त्यातली दीडशेसुद्धा पुरी झालेली नाहीत. तरीही. ज्या कॉम्प्युटरच्या स्मरणशक्तीचा भरवसा नाही, त्यावर फाइल उघडून पुन्हा सेव्ह करणं म्हणजे चुकीला घरात घेऊन तिला कायमची जागा देणं. बॅकअपसुद्धा आत्ता घ्यायचा नाही. कॉपी होणारी प्रत्येक फाइल आधी रॅममधूनच जाते, तिथे बिघडली तर बॅकअपही बिघडलेलाच. शनिवारी रात्रीची प्रत बाहेरच्या डिस्कवर आहे. तेव्हा नव्या स्टिक आल्या नव्हत्या, त्यामुळे ती प्रत चोख आहे. ती डिस्क कपाटात ठेवून दिली.

हा कॉम्प्युटर मी २०२०च्या फेब्रुवारीत असेंबल केला. लेक तेव्हा अकरावीत होती. डोंबिवलीहून दादर, तिथून ग्रँट रोड असं करत आम्ही दोघी लॅमिंग्टन रोडला गेलो, सुटे भाग घेतले आणि जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून जोडले. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, मधल्या किमतीचा मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन स्टिक. साडेपाच वर्षं एक दिवस अडला नाही. यंदा अंकात रंगीत चित्रं जास्त आहेत. एका चित्रकाराची मूळ फाइल फोटोशॉपमध्ये उघडली की १६ जीबी काठोकाठ भरायची आणि पानं लावायच्या प्रोग्रॅमला श्वास उरायचा नाही. म्हणून सोळा-सोळाच्या दोन नव्या स्टिक आणल्या. जुन्या काढल्या नाहीत. एकूण ४८ जीबी.

सकाळी ७.०५

मेमटेस्ट८६ची पेनड्राइव्ह रात्रीच लॅपटॉपवर करून ठेवली होती. हा तपासनीस १९९४पासून चालत आलेला आहे. विंडोज सुरूच होऊ न देता तो थेट पेनड्राइव्हवरून उठतो, हे मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डिस्कला हात लागत नाही, माझ्या पानांना धक्का नाही. विंडोजमध्येही मेमरी तपासायची सोय आहे, पण थोडक्यात निसटणारी चूक तिला नेहमी सापडते असा माझा अनुभव नाही.

काम साधं. रॅमच्या प्रत्येक घरात एक ठरावीक नक्षी लिहायची, मग वाचून पाहायची. मग तिची उलट नक्षी लिहायची, मागून पुढे वाचायची. मग शेजारच्या ओळींवर भराभर घाव घालून मधली ओळ हलते का ते बघायचं. लिहिलं एक आणि वाचलं भलतंच, तर लाल ओळ.

सात सतराला पहिली लाल ओळ आली. त्यानंतर थांबून थांबून, मग एकदम दहा-बारा. प्रत्येक ओळीत पत्ता, लिहिलेला आकडा, वाचलेला आकडा. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहिले, तर फरक जवळजवळ सगळीकडे एकाच बिटचा. पत्ते मात्र विखुरलेले, एका कोपऱ्यात गोळा झालेले नाहीत. एखाद्या चिपचा तुकडा मेलेला असता तर चुका त्याच त्या पत्त्यांवर पुन्हा पुन्हा आल्या असत्या. हेही वहीत लिहिलं.

लेकीला पुण्याला फोटो पाठवला. ऑफिसच्या बसमधून तिचा निरोप : "आई, आधी एक्सएमपी बंद करून बघ." म्हणजे रॅमचा वाढीव वेग काढून बघ. तिचं म्हणणं बरोबर असेल. पण त्याआधी मला कळायला हवं की चारांपैकी कुणी आजारी आहे का. वेग कमी केल्यावर आजारी स्टिकही काही दिवस गप्प बसू शकते आणि ऐन छपाईच्या आदल्या रात्री तोंड वर काढते.

सकाळी ८.१०

बटण बंद, भिंतीतली पिन काढली, मग पॉवरचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज संपते. सुती साडी, बांगड्या काढलेल्या. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज सोडून दिली. दुकानांत स्टिकचे सोनेरी दात खोडरबराने घासायची रीत आहे. मी ते करत नाही. तो मुलामा फार पातळ असतो आणि रबराचा भुगा खाचेत अडकला तर आणखी एक संशयित वाढतो. दात स्वच्छ होते, नुसत्या मऊ कोरड्या फडक्याने पुसले.

जुन्या दोन्ही काढून वर्तमानपत्रावर ठेवल्या, मागे पेन्सिलीने ज१, ज२ लिहिलेली चिकटपट्टी लावली. नव्या न१, न२. प्रोसेसरपासून मोजलं तर दुसरी आणि चौथी खाच, दोनच स्टिक असतील तर त्या तिथे बसवायच्या. मदरबोर्डाच्या पुस्तिकेत हे दिलेलं असतं आणि पुष्कळ जण ते वाचत नाहीत. स्टिकच्या पोटातली खाच नीट जुळवून दोन्ही टोकांवर अंगठ्याने दाब दिला. एका बाजूने "टक" आला, मग दुसऱ्या बाजूने. दोन्ही आवाज यायलाच हवेत. २८८ दात आहेत, त्यातला एक जरी अर्धवट टेकला तरी आजचा सगळा खटाटोप वाया.

साडेआठला नव्या दोघींची तपासणी सुरू झाली, त्यांच्या पूर्ण वेगाने.

सकाळी ९.१५

आता बसून राहायचं. अंकाचे कागदी प्रूफ काढून ठेवलेले होते, लाल पेन घेऊन खिडकीशी बसले.

माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. पान छापून झालं की खिळे सोडवून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे. त्या कामात हात चुकला, एक खिळा शेजारच्या खणात पडला, तर चूक तेव्हा दिसायची नाही. पुढच्या आठवड्यात जुळारी न बघता त्या खणात बोटं घालायचा आणि भलतंच अक्षर पानात जायचं. त्यामुळे वडिलांचा सगळा जीव खिळे परत टाकण्यात असायचा. जुळवताना झालेली चूक प्रूफात सापडते, खणात झालेली चूक कुठे उगवेल ते सांगता येत नाही, असं ते म्हणत.

आज समोरच्या लाल ओळी पाहताना तेच आठवलं. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक क्रमांक आहे. ल म्हणजे २३५४, ळ म्हणजे २३५५. एक सम, लगेच पुढचा विषम. दोन्ही आकडे शून्य-एकात लिहिले तर फरक फक्त शेवटच्या बिटचा. ते एक बिट उलटलं की "काल"चा "काळ" होतो, "वेल"ची "वेळ". म आहे २३५०, य २३५१. तिथे "काम"चं "काय" होतं. क आणि ग यांच्यातही एकच बिट. पानावर काही फुटत नाही, चौकोनी डबे दिसत नाहीत, शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रॅम तक्रार करत नाही, कारण "काळ" हाही शब्दच आहे. वाक्याचा अर्थ मात्र गेला.

निळा पडदा आला की लोक वैतागतात, मीही वैतागले. पण निळा पडदा म्हणजे विंडोजने आपल्याच हिशेबात गफलत पाहिली आणि पुढे जायला नकार दिला, एवढंच. तो प्रामाणिकपणा आहे. चूक विंडोजच्या हिशेबात न पडता एखाद्या लेखकाच्या वाक्यात पडली तर पडदा निळा होत नाही. वाईच्या एका निवृत्त शिक्षिकेने दोन रात्री जागून आपल्या आजीवर लिहिलेला लेख माझ्या हाती दिलाय. त्यातलं एक अक्षर माझ्या खोलीत, माझ्या यंत्रात बदललं आणि मला कळलंही नाही, हे मला सहन होणार नाही.

आणि खण किती आहेत? ४८ जीबी म्हणजे ४१ हजार २३१ कोटींहून जास्त बिट्स. प्रत्येक बिट म्हणजे विजेचा एक सूक्ष्म थेंब साठवणारं भांडं आणि त्याच्या तोंडाशी एक ट्रान्झिस्टर. ही रचना आयबीएममध्ये रॉबर्ट डेनार्ड यांनी काढली, १९६८ साली तिचं पेटंट मिळालं. ते भांडं गळकं असतं. म्हणून प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा वाचून पुन्हा भरावी लागते, नाहीतर आठवण पुसली जाते. सेकंदाला पंधरा-सोळा वेळा सगळं पुन्हा आठवायचं, तेही न थांबता, वर्षानुवर्षं. साडेपाच वर्षं माझ्या जुन्या दोघींनी हे बिनतक्रार केलं, याचंच मला आज नवल वाटत होतं.

सकाळी ११.२०

नव्या जोडीच्या दोन फेऱ्या पुऱ्या. चुका शून्य.

खरं सांगायचं तर थोडी निराशा झाली. नवी स्टिक खराब निघाली असती तर दुपारची गाडी पकडून बदलून आणली असती, प्रश्न मिटला असता. आता जुन्या जोडीची पाळी. त्याच खाचा, तोच वेग, तोच दाब. खाच बदलली असती तर स्टिक आणि खाच असे दोन बदल एकदम झाले असते.

पावणेबाराला तपासणी लावली आणि भात टाकला. बारा वाजता संपादकांचा फोन.

"ताई, कवितांची पानं आज मिळतील ना?"

"नाही सर, आज नाही. मशीनच्या मेमरीत चूक आहे, ती सापडेपर्यंत मी फाइल उघडणार नाही."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. "किती वेळ लागेल?"

"उद्या सकाळी सांगते. पण रविवारनंतर मी तुम्हाला जी अकरा पानं पाठवलीत, ती छापखान्याकडे पुढे पाठवू नका. परत तपासून देते."

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. वीस वर्षांची ओळख आहे. त्यांनी जास्त विचारलं नाही.

दुपारी १.२०

जुनी जोडी, दोन फेऱ्या, चुका शून्य.

चौघीही निरोगी. सकाळी चौघी एकत्र होत्या तेव्हा मात्र बारा मिनिटांत लाल ओळी. शक्यता उरल्या दोन. सकाळी एखादी नीट बसलेली नव्हती, किंवा एकत्र असणं हाच आजार. पहिली शक्यता आधी निकालात काढायची म्हणून चारही पुन्हा बसवल्या, आठही "टक" मोजले, वेग तोच ३२००. एक अठ्ठावन्नला पहिली लाल ओळ आली.

जेवायला बसले तेव्हा डोकं बरंच शांत होतं. कारण आता प्रश्न नीट मांडता येत होता.

रायझन ३६००मध्ये रॅमशी बोलणारा भाग प्रोसेसरच्या पोटातच असतो. तिथून तारांचे दोन गट निघतात, त्यांना चॅनेल म्हणतात, आणि प्रत्येक गट दोन खाचांपर्यंत जातो. दोनच स्टिक असल्या तर प्रत्येक गटाच्या टोकाला एकेक. चार लावल्या की त्याच तारांवर दोन-दोनींचं ओझं. शून्य आणि एक असं आपण म्हणतो खरं, पण तारेतून जातो तो विजेचा चढउतार. ३२०० या वेगाला एका तारेवर एका सेकंदात ३२० कोटी वेळा तो चढउतार ओळखायचा असतो. वाटेत दुसरी स्टिक असेल तर तिच्यावर आपटून थोडा प्रतिध्वनी उठतो, चढ आहे की उतार ते ठरवायची खिडकी अरुंद होते. त्यात माझ्या जुन्या स्टिकवर चिप एकाच बाजूला, नव्यांवर दोन्ही बाजूंना. म्हणजे ओझं आणखी वाढलं, आणि दोघींच्या सवयीही निराळ्या.

आमच्या भजनी मंडळात दोन टाळकरी बाहेरगावचे आले की असंच होतं. चौघंही उत्तम वाजवणारे, मध्य लयीत छान जमतं. लय चढली की ठेका कुठे सुटला ते कळत नाही, आणि चूक एकाच्याही नावावर टाकता येत नाही.

हे रायझन बनवणाऱ्या एएमडीने लपवलेलं नाही. त्यांच्या तक्त्यात या पिढीच्या प्रोसेसरांसाठी दोन स्टिकना ३२००, एकाच बाजूला चिप असलेल्या चार स्टिकना २९३३, आणि दोन्ही बाजूंच्या चार स्टिकना २६६७ असे आकडे आहेत. रॅमच्या पाकिटावरचं ३२०० खरंच आहे, प्रोसेसरच्या पाकिटावरचंही. पण पाकिटं एकेकटी विकली जातात, चारांचं एकत्र वचन त्यांच्यावर छापलेलं नसतं. शिवाय एक्सएमपी म्हणजे रॅम बनवणाऱ्याने स्टिकमध्येच लिहून ठेवलेला जास्त वेगाचा नेम. तो चालू करणं म्हणजे ठरलेल्या १.२ व्होल्टऐवजी १.३५ देणं. २०२०मध्ये मी तो चालू केला, दोन स्टिकवर तो नीट चालला आणि मग तो चालू आहे हेच विसरून गेले.

दुपारी २.२०

दुकानात फोन लावला. तिथला मुलगा चांगला आहे, लगेच म्हणाला, "मॅडम, घेऊन या, बदलून देतो." मी सांगितलं, स्टिक चांगली आहे, बदलून काही होणार नाही. तेव्हा त्याने दुसरा उपाय सुचवला, व्होल्टेज थोडं चढवा, प्रोसेसरच्या आतल्या मेमरीच्या भागालाही थोडं जास्त द्या, बऱ्याच जणांचं त्याने चालतं.

चालतं हे मलाही माहीत आहे. खेळांसाठी मशीन असतं तर मी करूनही पाहिलं असतं. पण माझ्या कामाला तो वेग लागत नाही. मजकूर ओळीत बसवताना, चित्र पानावर ठेवताना ३२०० आणि २६६६ यांतला फरक माझ्या डोळ्याला दिसत नाही. जागा मात्र लागते. मला ४८ जीबी हवेत आणि ते विश्वासाचे हवेत. व्होल्टेज चढवून मिळवलेला विश्वास उन्हाळ्याच्या दुपारी टिकेल का, ते मला सांगता येणार नाही.

बायॉसमध्ये गेले. एक्सएमपी पूर्ण बंद केलं असतं तर वेग, व्होल्टेज आणि बाकीच्या वेळा सगळंच एकदम बदललं असतं. म्हणून नेम तसाच ठेवून फक्त वेगाचा आकडा २६६६ केला. प्रत्येक बिटला आता आधीपेक्षा पाचवा हिस्सा जास्त वेळ मिळणार. अर्ध्या नॅनोसेकंदाच्याही आतली गोष्ट आहे ही, पण खिडकी तेवढीच उघडायला हवी होती. जुन्या दोघी पहिल्या आणि तिसऱ्या खाचेत, नव्या दुसऱ्या आणि चौथ्या, म्हणजे दोन्ही गटांवर २४-२४ जीबी. दोन वाजून चाळीस मिनिटांनी तपासणी सुरू.

दुपारी ४.००

शून्य चुका, पहिली फेरी अजून चालू. लाल ओळ आली नाही तरी चैन पडत नाही. पाच वेळा पाणी प्यायला म्हणून त्या खोलीत गेले.

असं अडकणारी मी एकटी नाही. लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांच्या मुख्य कॉम्प्युटरलाही २०२२च्या ऑक्टोबरमध्ये हेच झालं. कर्नलच्या नव्या आवृत्तीसाठी देशोदेशींहून आलेले बदल एकत्र करायच्या ऐन दिवसांत त्यांच्या मशीनवर कंपाइल करताना मधूनच गोष्टी कोसळू लागल्या. आधी संशय प्रोग्रॅमवर, शेवटी सापडली ती रॅम. नवी येईपर्यंत त्यांनी लॅपटॉपवर काम रेटलं. घरच्या कॉम्प्युटरांत चूक ओळखून सुधारणारी रॅम का मिळत नाही, यावर ते आधीही मोठ्या तळमळीने बोलले होते.

ती रॅम असते, तिला ईसीसी म्हणतात. दर ६४ बिट्समागे ८ बिट्स जास्तीचे ठेवायचे आणि त्यांच्या हिशेबावरून एक बिट उलटलेलं असेल तर नेमकं कोणतं ते ओळखून जागच्या जागी सुलटं करायचं. मूळ कल्पना रिचर्ड हॅमिंग यांची. बेल लॅब्जमध्ये ते शनिवार-रविवारसाठी यंत्राला काम लावून जायचे. यंत्राला चूक दिसली की ते काम सोडून द्यायचं, सोमवारी हाती काही नाही. यंत्राला चूक झाली एवढं कळतं, तर कुठे झाली ते का कळू नये, या रागातून त्यांनी १९५०मध्ये तो शोधनिबंध लिहिला. पंच्याहत्तर वर्षं झाली. सर्व्हरांत ईसीसी सर्रास असते. गूगलच्या यंत्रांवर केलेल्या २००९च्या एका अभ्यासात वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक स्टिकवर चुका आढळल्या होत्या आणि त्या धरता आल्या त्या अशा जास्तीच्या बिट्समुळेच. घरात बसून लोकांची पुस्तकं, लोकांचे हिशेब, लोकांच्या पोरांचे फोटो सांभाळणाऱ्यांना मात्र ती सोय मागून, शोधून, जास्त पैसे मोजून घ्यावी लागते. हे मला पटत नाही. जास्तीचे आठ बिट्स ही चैन नाही. प्रूफवाचक जितका गरजेचा, तितकेच ते गरजेचे आहेत.

सायंकाळी ७.१०

दोन फेऱ्या पूर्ण. चुका शून्य.

दिवा लावला, हात धुतले आणि तीन दिवसांत पहिल्यांदा मोकळ्या मनाने विंडोज सुरू केलं. आधी त्याच्याच फाइली तपासायला लावल्या, एसएफसी स्कॅननाउ हा आदेश देऊन. दोन फाइली बिघडलेल्या सापडल्या, त्याने त्या स्वतःच दुरुस्त केल्या. म्हणजे लिहिलेलं बिघडत होतं हे नक्की. सकाळची भीती उगाच नव्हती.

मग ती अकरा पानं. शनिवारची प्रत एका बाजूला, आजची दुसऱ्या बाजूला, दोन्हींतला मजकूर साध्या फाइलींत काढला आणि ओळीओळीने तुलना केली. सत्तावीस फरक निघाले. कागदी प्रूफावरच्या लाल खुणांशी एकेक ताडून पाहिला. सव्वीस माझेच, प्रत्येकाची खूण सापडली.

सत्ताविसावा वाईच्या लेखात. शनिवारच्या प्रतीत "मूल", आजच्या प्रतीत "मूळ". प्रूफावर खूण नाही. माझा कळफलक इन्स्क्रिप्टचा आहे. त्यात ल आणि ळ एकाच कळीवर आहेत, शिफ्ट दाबली तर ळ. सोमवारी त्याच परिच्छेदात मी एक स्वल्पविराम घातला होता. बोट शिफ्टवर राहिलं असेल. नसेलही. शिक्षिकाबाईंच्या हस्तलिखिताचा फोटो काढून बघितला, स्पष्ट "मूल" आहे. ते तसं केलं आणि वहीत लिहिलं : पान ११२, कारण सांगता येत नाही.

चित्रांमध्ये एक गेलेलं सापडलं. वरचा अर्धा भाग ठीक, खाली करड्या पट्ट्या. चित्रकाराला निरोप पाठवला, "दादा, मूळ फाइल पुन्हा पाठवाल का? माझ्याकडची बिघडली." दहा मिनिटांत आली.

रात्री १०.४५

बॅकअप आता घेतला, बाहेरच्या डिस्कवर नव्या फोल्डरात. शनिवारची प्रत पुसली नाही, अंक छापून येईपर्यंत ती तशीच राहील. लेकीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग एक्सएमपीच होतं ना?" मी म्हटलं, अर्धं ते, अर्धं आपण चार स्टिक एकत्र बसवल्या ते. "पण तू अख्खा दिवस घालवलास गं आई." हो, घालवला. तिला वहीची पानं फोटो काढून पाठवली.

संपादकांना निरोप : "सर, अकराच्या अकरा पानं उद्या दुपारपर्यंत नव्याने पाठवते. जुन्या फाइली कृपया पुसून टाका. कवितांची पानं परवा."

दोन फेऱ्यांवर मला अंक सोपवायचा नाही. पेनड्राइव्ह पुन्हा लावली, चार फेऱ्या दिल्या. सकाळी उठेपर्यंत होतील. कॅबिनेटचं झाकण अजून लावलेलं नाही, चार स्टिक ओळीने दिसतात, दोन काळ्या, दोन राखाडी. खोलीतला दिवा बंद केला. पडद्यावर नक्षी लिहिली जातेय, वाचली जातेय. चुकांच्या खाली शून्य.